न आलेली कळ

म्हातारीचा पाय स्टुलावरून निसटला तेव्हा विचार करायला सवडच नव्हती. एक्स-रेच्या टेबलावर चढायला दोन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल असतं. वरच्या पायरीवर उभी राहून म्हातारी पाठ टेकवायला वळली, स्टूल एका बाजूने उचललं गेलं आणि ती मागच्या मागे कलंडली. तिचा एक्स-रे काढणारी बाई हाताच्या अंतरावर होती. तिने पुढे होऊन म्हातारीला दोन्ही काखांखाली धरलं, कमरेत वाकून तो सगळा भार अंगावर घेतला, तशीच वळली आणि म्हातारीला टेबलाच्या कडेवर बसवलं. "गेलेच होते की गं मी," म्हातारी म्हणाली आणि तिच्याच खांद्यावर कपाळ टेकून धापा टाकत राहिली. तिने म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला, "काही झालं नाही आजी, बसा निवांत," असं म्हटलं आणि सरळ व्हायला लागली. सरळ होता होता अर्ध्यावरच तिच्या लक्षात आलं की आपण आत्ता काय केलं. ती तिथेच थांबली, धड वाकलेली नाही, धड उभी नाही, मागून कुणी पाठीला बंदूक टेकवल्यासारखी. कळ येणार होती. डोळे मिटून ती वाट पाहू लागली. कळ आली नाही.

काचेआडून काकांनी सगळं पाहिलं होतं. काका म्हणजे त्या इस्पितळातल्या एक्स-रे विभागातले सगळ्यांत जुने, निवृत्तीला टेकलेले. कुणाचेच सख्खे काका नव्हते, पण झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. ते दाराशी आले आणि "अगं, कंबर" एवढंच म्हणाले. मग दोघंही तिच्या कमरेकडे पाहत राहिले, जणू ती तिसरीच कुणी तिथे उभी होती आणि आता काहीतरी बोलणार होती. पांढऱ्या कोटाखाली ती सहा वर्षं रुंद पट्टा बांधत होती. नव्या पोरांना काका पहिल्याच दिवशी ओळख करून देत, ह्या आमच्या पट्टेवाल्या बाई, पट्टेवाल्या वाघिणीइतकंच जपून वागायचं ह्यांच्याशी, आणि ह्यांच्या हातात एप्रनसुद्धा द्यायचा नाही. किरणांपासून वाचवणारा शिशाचा तो जड एप्रन इतरांनी तिच्या अंगावर चढवायचा आणि उतरवायचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ती नुसते हात पसरून उभी राही, शिंप्याकडे माप द्यायला राहावं तशी. "काही नाही काका," ती म्हणाली, "आजींचं आधी घेऊ या." आवाज नेहमीसारखा आला याचं तिला नवल वाटलं. म्हातारीला तिने निजवलं, एक्स-रेची नळी जागेवर आणली, "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हटलं, आणि हे करताना शरीराचा मधला भाग दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा बाजूला धरून ठेवला.

येईल. आत्ता नाही आली तर तासाभराने येईल. तिला तिच्या दुखण्याच्या सगळ्या खोड्या ठाऊक होत्या. कधी ते लगेच यायचं, सुऱ्यासारखं. कधी उधारीवर जायचं आणि दुपारी दुप्पट होऊन परतायचं. एकदा भाचीच्या लग्नात ती दिवसभर उभी राहिली, हसली, बोलली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिला अंथरुणातून कूस बदलता येईना. तेव्हापासून न दुखणारे तास तिला दुखणाऱ्या तासांपेक्षा वाईट वाटत. दुखत असलं की निदान काय चाललंय ते समजतं. दुखायचं थांबलं की ती घराचं दार उघडं टाकून आल्यासारखी अस्वस्थ होई. मधल्या वेळात एक पोरगा आला, मनगट मोडलेला. एक गरोदर बाई चुकून या दाराशी आली, तिला सोनोग्राफीची खोली दाखवली. एका ड्रायव्हरचा गुडघा झाला. प्रत्येक वेळी टेबलाशी जाताना ती पाऊल टाके ते आधी चाचपून, ओल्या फरशीवर टाकावं तसं. कंबर गप्प होती. इतकी गप्प की तिच्या हातांना घाम सुटला आणि एक्स-रे उमटतो त्या चपट्या कॅसेटवर बोटांचे ठसे उमटायला लागले.

तिचं घर तिच्या कंबरेच्या मापाने बांधलेलं होतं, असं म्हटलं तर खोटं ठरलं नसतं. नवरा सुतार. दुखणं सुरू झालं त्या वर्षीच त्याने एक दिवस तिला स्वयंपाकघरात भिंतीशी उभं केलं, गुडघ्यापाशी एक आणि खांद्यापाशी एक अशा पेन्सिलीच्या दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, "ह्याच्या खाली आणि ह्याच्या वर आपल्या घरात काही राहणार नाही." मग सुट्टीच्या प्रत्येक दिवशी करवत चालत राहिली. धान्याचे डबे वर आले, माळ्यावरची भांडी खाली आली, चपलांचं कपाट कंबरेच्या उंचीवर टांगलं गेलं, आणि पाहुणे चपला छातीशी धरून ठेवताना ओशाळे हसत. बाहेरच्या खोलीत त्याने तिच्यासाठी लाकडी फळ्यांचा सपाट, टणक पलंग केला. स्वतः आतल्या खोलीत निजू लागला, कारण त्याने कूस बदलली तरी तिला धक्का बसे. लेक शिकायला दूर गेली त्या दिवशी निघताना तिने आईला मिठी मारण्याआधी विचारलं, "चालेल ना?" आणि मिठी मारली ती ओल्या रंगाच्या भिंतीला कुणी टेकावं तशी. त्या पोरीचा काय दोष? तिला चौदाव्या वर्षापासून हेच शिकवलं होतं. आता म्हातारीला उचललं, वळून ठेवलं, आणि काहीच झालं नाही. मग ती करवत, ते खिळे, त्या दोन रेघा, ती चाचपत मारलेली मिठी, हे सगळं कशासाठी होतं? हा विचार आला तसा तिने तो मागे ढकलला, पण तो गेला नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसासारखा थांबून राहिला.

आणि त्याच्याही मागे दुसरी भीती होती, जुनी. तिची आई सहा-आठ महिने म्हणत होती, पाठीत कुणीतरी बसलंय. दोन खांद्यांच्या मधोमध, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी. सगळे म्हणाले, वय झालं. तीही म्हणाली. मग एक दिवस, विभागात गर्दी नव्हती म्हणून, तिने आईला बोलावून घेतलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या पाठीचे एक्स-रे काढले. तेव्हा अजून ओल्या फिल्मा होत्या. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत तिने फिल्म एका टाकीतून काढून दुसरीत बुडवली, दिवा लावला, आणि पाणी ठिबकत असलेली फिल्म उजेडापुढे धरली. शिकताना त्यांना सांगितलेलं असतं की समोरून काढलेल्या चित्रात प्रत्येक मणक्याला दोन गोल ठिपके दिसतात, घुबडाच्या डोळ्यांसारखे. एखाद्या मणक्याचा एक डोळा मिटलेला दिसला तर समजायचं की ते हाड आतून कशाने तरी खाल्लं जातंय. आईच्या पाठीत, बरोबर त्या बोटाच्या जागी, एका घुबडाने एक डोळा मिटला होता. तिने ती फिल्म किती वेळ धरली होती कोण जाणे. कोपरावरून पाणी ओघळून बाहीत गेलं. बाहेर बाकावर आई पदर नीट करून बसली होती, फोटो काढून घ्यायला आल्यासारखी. "आलं का गं चांगलं?" आईने विचारलं. "मी हलले नाही बघ अजिबात." ती म्हणाली, "चांगलं आलंय, आई." पुढचं सगळं फार दिवस चाललं नाही. आई गेल्यावर काही महिन्यांनी तिने कॅसेटची पेटी उचलली आणि कंबरेत पहिली कळ आली, इतकी जोराची की ती फरशीवर बसली. बसल्या बसल्या तिच्या मनात शब्द नव्हते, नुसता एक मिटलेला डोळा होता.

त्यानंतर तिने स्वतःचे किती एक्स-रे काढून घेतले ते तिलाच आठवत नव्हतं. सुरुवातीला डॉक्टरांच्या चिठ्ठीने, मग चिठ्ठीशिवाय, काकांना गळ घालून. एमआरआयच्या बोगद्यासारख्या यंत्रातही ती जाऊन आली, रक्त तपासून झालं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधल्या चकत्या थोड्या झिजल्यात, पण ह्या वयात तोंडावर सुरकुत्या पडतात तशा. न दुखणाऱ्या माणसांच्यासुद्धा झिजलेल्या असतात. प्रत्येक चित्रात तिने डोळे पाहिले. सगळे उघडे होते. सुटल्यासारखं वाटे, पण ते सुटणं पुरत नसे. कदाचित ह्या कोनातून दिसत नसेल. कदाचित अजून लहान असेल. शेवटी हाडांचे डॉक्टरच म्हणाले, आता चित्रं पुरे, आणि त्यांनी तिला वरच्या मजल्यावरच्या मानसतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. तिला तो अपमान वाटला. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "म्हणजे माझं दुखणं खोटं, असंच ना?" ती बाई तिच्यापेक्षा बरीच तरुण होती, सर्दी झालेली, टेबलावर रुमालांचा ढीग. "खोटं कोण म्हणालं?" ती नाक पुसत म्हणाली. "तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. ते येतंय कुठून, एवढंच आपण बघायचंय. घरात एकदा चोरी झाली की पुढे कित्येक वर्षं मांजर चाललं तरी घरदार दचकून उठतं की नाही? दचकणं खरंच असतं. चोर नसतो." घरी जाऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मांजरासाठी महिन्याला पैसे द्यायचे होय?" दोघंही हसली, पण ती पुढच्या आठवड्यात परत गेली.

काम साधं होतं आणि भयंकर होतं. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, दुखतंय तिथे लक्ष न्यायचं. पळायचं नाही, त्याला हाकलायचंही नाही. गरम आहे की गार, एका जागी आहे की पसरतंय, हे नुसतं बघायचं, आणि बघता बघता स्वतःला सांगायचं की ह्यात धोका नाही. पहिले कित्येक दिवस तिला हे जमलं नाही. ज्या खोलीत कुणी मेलंय त्या खोलीत जाऊन शांत बसा, असं कुणी सांगावं तसं वाटे. धोका नाही हे वाक्य तर ती अर्ध्यावरच सोडून देई. एकदा ती रडत म्हणाली, "आईलाही मी हेच म्हटलं होतं. काही नाही, वय झालंय." मानसतज्ज्ञ बाईने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "ताई, तुमच्या आईचं कुणी तपासलं नव्हतं. तुमचं सगळं तपासून झालंय. शब्द एकच असले तरी गोष्ट एक नाही." दुसऱ्या वेळी बाईने विचारलं, "चित्र काढल्यावर किती दिवस बरं वाटतं तुम्हाला?" तिने आठवून पाहिलं. आधी महिनाभर वाटायचं. मग आठवडा. "आता टेबलावरून उतरेपर्यंत," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून दचकली. तिथे एक गोष्ट तिला आवडली होती. बाई म्हणाली होती की असे उपचार घेतलेल्या काही लोकांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले गेलेत, आणि धोक्याची दखल घेणारे जे भाग असतात त्यांची धावपळ नंतर कमी झालेली दिसली. "दिसली म्हणजे चित्रात?" तिने पुढे सरकून विचारलं होतं. बाईला हसता हसता ठसका लागला. "तुम्ही चित्राशिवाय देवालासुद्धा मानणार नाही," ती म्हणाली. ठरलं असं की चित्र काढायचं नाही. नवीन काही दुखलं आणि दोन आठवड्यांत गेलं नाही, ताप आला, वजन उतरलं, तर सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. एरवी नाही. तिने मान डोलावली होती. आजपर्यंत ते पाळलंही होतं.

पण हे तिने बाईला सांगितलं नव्हतं, की दुखणं थोडं कमी व्हायला लागलं तशी तिला जास्त भीती वाटू लागली होती. गेल्या महिन्यात सकाळी उठल्यावर पहिली काही मिनिटं दुखत नसे. ती मिनिटं ती पलंगावर डोळे उघडे ठेवून, हालचाल न करता काढी. दुखत होतं तोवर ती सावध होती. पहारा चालू होता. आता पहारेकऱ्यालाच कुणी झोपवत असेल तर? खरंच काही आलं, आईला आलं तसं, आणि ते सांगणारंच आत कुणी उरलं नाही तर? शिकलेला मेंदू पुन्हा शिकवता येतो, बाई म्हणे. पण जो मेंदू एवढं खोटं खरं करू शकतो, तो खरं खोटं करणार नाही कशावरून? ती ह्या प्रश्नाशी आली की तिला उंच इमारतीच्या कठड्याशी आल्यासारखं होई, आणि ती मागे फिरे. आज मात्र म्हातारीने तिला कठड्यापलीकडेच ढकललं होतं.

दुपारी डबा खाऊन ती कॅसेट पुसत बसली होती. काका खुर्चीत मान टाकून डुलक्या घेत होते. बाहेर बाकावर कुणी नव्हतं. तेव्हा ते आलं. कंबरेत नाही. वर. दोन खांद्यांच्या मधे. आधी नुसती जाणीव, कुणी मागे येऊन उभं राहिल्यासारखी. मग ती दाट होत गेली, आणि तिने हात मागे नेला तर बोट बरोबर तिथे पोचलं. आईचं बोट जिथे पोचायचं तिथे. कानात पंखा सुरू झाल्यासारखा आवाज आला. हातातलं फडकं तिने घडी घालून नीट टेबलावर ठेवलं, कारण काहीतरी नीट करणं भाग होतं. मिटलेला डोळा. इतकी वर्षं ती खाली बघत बसली आणि ते वर आलं. कंबर उगाच ओरडत होती, सगळ्यांचं लक्ष खाली लावून ठेवत होती, आणि आता तिचं काम झालं म्हणून ती गप्प झाली. हे वेड्यासारखं आहे, हे तिला समजत होतं. समजून काही उपयोग नव्हता. मांजर आहे, मांजर आहे, ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला मांजर दिसेना, फिल्मवरून ठिबकणारं पाणी दिसायला लागलं. उठून तिने काकांच्या खांद्याला हात लावला.

"काका, माझा एक काढता?"

काका जागे झाले, तिच्या तोंडाकडे बघून पूर्ण जागे झाले. "कंबर ना? मी म्हटलंच होतं."

"कंबर नाही. वरची पाठ."

"चिठ्ठी?"

"तुम्ही मला चिठ्ठी मागताय?"

"मध्यंतरी तूच मला बजावलं होतंस ना, मी मागितला तरी काढायचा नाही म्हणून. तुझ्या त्या वरच्या बाईंचं नाव घेऊन."

"काका, आईला इथेच होतं."

काकांना तिची आई आठवत होती. त्यांनी दार लोटलं, स्टूल टेबलाला लावून घट्ट धरलं आणि तिला हात दिला. पट्टा सोडून ती उताणी झोपली. टेबल नेहमीसारखंच गार होतं. दिवसभर ती लोकांना सांगत असे, थोडं गार लागेल हं, आणि त्यांच्या अंगावर काटा आलेला बघत असे. डोक्यावर नळी सरकत आली, उजेडाचा चौकोन तिच्या छातीवर पडला. काका काचेआड गेले. आणि मग त्यांचा आवाज आला, तो तिच्याशी रोज बोलणारा आवाज नव्हता, चाळीस वर्षं अनोळखी माणसांशी बोललेला आवाज होता. "हलू नका. श्वास घ्या. धरा."

तिने धरला. श्वास धरलेला असताना माणसाला काहीच करता येत नाही. पळता येत नाही, बोलता येत नाही. छाती फुगून थांबलेली, खाली कडक टेबल, आणि त्या दोहोंच्या मधे ते दुखणं, एकटं. तिने त्याच्याकडे पाहिलं ते धीटपणे नाही. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती म्हणून. ते एका बोटाएवढं नव्हतं. तिने बोट लावलं म्हणून तसं वाटलं होतं. ते मधून दोन्ही बाजूंना गेलं होतं, पंखांसारखं, खांद्यांवरून दंडांत उतरलं होतं, आणि दोन्हीकडे सारखंच होतं. दंडांत तर ते जास्तच होतं. तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. जड, कोमट, आंबून गेल्यासारखं. ओळखीचं होतं. कुठली ओळख? ती शोधत गेली, आणि खूप मागे, आईच्या आधी, कंबरेच्या आधी, नव्या घरात सामान लावलं त्या दिवशीची संध्याकाळ सापडली. तिने आणि नवऱ्याने मिळून लोखंडी कपाट जिन्याने वर चढवलं होतं आणि मग दोघं भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर टाकून, बोलायचंही त्राण नाही म्हणून नुसती हसत बसली होती. तेव्हा असं दुखलं होतं. भार उचलल्यावर माणसाचं अंग दुखतं. एवढी साधी गोष्ट ती विसरून गेली होती. सहा वर्षांत तिने काही उचललंच नव्हतं.

तिने श्वास सोडला.

"अगं, सोडलास कशाला?" काकांचा आवाज पुन्हा रोजचा झाला. "आता परत घ्यावा लागेल."

"थांबा काका."

कशावरून? भीती विचारत होती. कशावरून तेच आहे? तुला हवं तसं तू बघितलंस. आईलाही पहिल्यांदा असंच, कोमट, जड वाटलं नसेल कशावरून? उजेडाचा चौकोन अजून छातीवर होता. एका बोटाने बटण दाबायचं काम होतं, आणि मिनिटभरात पडद्यावर सगळे डोळे दिसणार होते, जोडीजोडीने, वरपासून खालपर्यंत. ते उघडे असणार होते. तिला ते जवळजवळ ठाऊक होतं. जवळजवळ आणि ठाऊक ह्यांच्या मधली जी फट होती तिच्यात तिने सहा वर्षं चित्रं कोंबली होती, आणि फट बुजली नव्हती.

"राहू दे, काका. नको."

"काढून टाकू की. मिनिटभराचं काम."

"चांगलंच येईल हो," ती म्हणाली. "आणि मग उद्या परत काढावं लागेल."

मग यंत्र बंद झाल्याचा आवाज आला आणि काका बाहेर आले. त्यांनी हात पुढे केला. तो नाकारण्याएवढी ती धीट झाली नव्हती. तिने हात धरला, एका कुशीवर वळून, नेहमीच्या पद्धतीने, तुकड्यातुकड्याने उतरली. "दोन आठवडे बघते," ती म्हणाली. "राहिलं तर डॉक्टरांना दाखवीन. चिठ्ठी घेऊन येईन." "ये," काका म्हणाले. "पण आत्ता पांढरीफटक झाली आहेस, आधी बस."

घरी जाताना ती चालत गेली. बसमध्ये बसायला तिला नको वाटलं. रस्त्याकडेला एक माणूस दुकानाचं शटर वंगण लावून वरखाली करून बघत होता. दोन बायका एका पिशवीचा एकेक बंद धरून चालल्या होत्या. पट्टा तिच्या हातातल्या पिशवीत होता. टेबलावरून उतरल्यावर तिने तो बांधायला घेतला होता आणि खांदे दुखत होते म्हणून हात मागे जाईनात, एवढंच कारण होतं. पण त्याच्याशिवाय चालताना तिला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक चौकात तिने पाठीला विचारलं, आहेस का? पाठ म्हणे, आहे. मग भीती म्हणे, मीही आहे. आजवर ह्या दोघी गळ्यात गळा घालून येत असत, कोण कुठली ते ओळखू येत नसे. आज त्या मागे-पुढे चालत होत्या.

नवरा तिच्या आधी आला होता. लाकडाच्या भुशाचा वास दारातच होता. त्याने कुकर लावला होता आणि तो कंबरेच्या उंचीच्या टेबलाशी कांदा चिरत उभा होता. मागे न बघताच त्याने विचारलं, "दुखतंय?" सहा वर्षं तो दाराचा आवाज आला की हेच विचारत असे, जसं दुसऱ्या घरात कुणी "आलीस?" विचारेल. तिने चपला टांगल्या कपाटात ठेवल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. म्हातारी, स्टूल, न आलेली कळ, मग खांद्यांमधलं, टेबल, काका. मधेच त्याने सुरी खाली ठेवली. ती बोलत असताना त्याची नजर एका फळीवरून दुसरीवर, दुसरीवरून चपलांच्या कपाटावर फिरत होती, आणि तिला वाटलं, आता येईल. सकाळपासून जो प्रश्न तिच्या दाराशी उभा होता तो आता ह्याच्या तोंडून येईल. मग हे सगळं कशाला केलं मी?

"उचललीस?" तो म्हणाला. "आख्खी बाई?"

"हो."

"आणि कंबरेत काही नाही."

"अजून तरी नाही. उद्या येईलही."

"हं." त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. "वर दुखतंय म्हणालीस."

"तुम्हाला खोटं वाटतंय का? म्हणजे आधीचं."

"कसलं?" त्याला खरंच समजलं नाही. मग समजलं तेव्हा तो जरा रागावल्यासारखा झाला. "मी बघितलंय की तुला. मला काय डोळे नाहीत?" तो खुर्चीत बसला. बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला, लाकूड तासून नीट झालंय का ते बघताना फिरवतो तसा. "मी तुला सांगितलं नाही कधी," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी तू चित्र काढून यायचीस ना, तेव्हा तू सांगेपर्यंत मी तुझ्या तोंडाकडे बघायचो नाही. मला वाटायचं, आज ही म्हणणार, चांगलं आलंय. आईंना म्हणाली होतीस तसं."

कुकरची शिट्टी झाली. इतकी वर्षं ती समजत होती की घरात घाबरणारी ती एकटीच आहे आणि हा माणूस फळ्या ठोकतोय. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते धरून राहायला काहीतरी शोधत होते.

"पिशवी गरम करून आणतो," तो उठत म्हणाला.

"नको."

"मग पलंगावर पडतेस का जरा?"

"नको."

"मग मी करू काय?" तो म्हणाला. हे त्याने चिडून विचारलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं.

तिलाही माहीत नव्हतं. ती त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसली आणि हात मागे नेऊन तिने जागा दाखवली. बोटाने नाही, सगळ्या पंजाने. "इथे चोळून द्या." तिला जाणवलं की तो मागे नुसता उभा आहे. कंबर धरली तेव्हापासून त्याने तिच्या पाठीवर वजन म्हणून टाकलं नव्हतं. औषध लावायचं तरी बोटांच्या टोकांनी, काचेवरची धूळ टिपावी तसं.

"हळू की जोरात?"

"जोरात," ती म्हणाली, आणि तिने स्टुलाची कड घट्ट धरली. त्याचे तळवे खांद्यांवर आले. रंधा धरून घट्टे पडलेले, खरखरीत. अंगठे मणक्याच्या दोन्ही बाजूंना टेकले, थांबले, मग त्याने दाबलं, आणि दुखणं एकदम वर आलं, दंडांत गेलं, डोळ्यांत पाणी आलं. तिचा श्वास अडकला. तेवढ्यात अंगठे सुटले.

"दुखलं?" त्याने विचारलं.

"दुखलं," ती म्हणाली. "थांबू नका."